वाकड्या सुईचा किडा

मला वाकडं चालत नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, खोड म्हणून सांगतोय. माझे वडील महूच्या छावणीत हवालदार होते. घरात चादरीला एक सुरकुती दिसली तरी ती काढून पुन्हा घालावी लागायची, आणि चपला दाराशी पलटणीसारख्या रांगेत. पुढे मी इंदूरला मिलच्या डिझाइन खात्यात लागलो आणि या खोडीलाच पगार सुरू झाला.

काम असं होतं. व्यापारी कापडाचा एखादा तुकडा आणून टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, असं बनवा. मी तो भिंगाखाली धरायचो, उभे-आडवे धागे मोजायचो आणि चौकटींच्या कागदावर नक्षी उतरवायचो. एक चौकट म्हणजे दोन धाग्यांची एक गाठभेट. आता तुकडा यायचा तो कुठल्या तरी जुन्या साडीचा, ताणलेला, तिरका झालेला, मध्येच धागा सुटलेला. ती चूक कागदावर येऊ द्यायची नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. तुकड्यातलं फूल वाकडं असलं तर कागदावर सरळ. हे कुणी सांगावं लागत नसे. सव्वीस वर्षं मी फुलं सरळ करत होतो.

एक्याण्णवच्या डिसेंबरात मिल बंद झाली. बंद झाली, हे मी आज लिहितोय. तेव्हा कुणी असं म्हटलं की मी तिथल्या तिथे त्याला दुरुस्त करायचो. "बंद नाही, काम थांबलंय. गेटवर नोटीस वाचा. पुढील सूचना मिळेपर्यंत, असं लिहिलंय." दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात कुणीही विचारलं तर मी सांगायचो, तात्याराव गजभिये, डिझायनर, आणि पुढे मिलचं नाव. माझा मुलगा संघदीप पिथमपूरला मोटारीच्या कारखान्यात लागला होता. तो एकदा जेवताना म्हणाला, "पापा, आता मिल काही चालू नाही होणार." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

बायको भीमाबाई हिचा हात शिवणात चांगला. अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला मुलींची शिलाई शाळा होती, तिथे शिकवायला बाई हवी म्हणून तिला दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. "मिल चालू झाली की घराकडे कोण बघणार?" ती गप्प बसली. गप्प बसणं हा तिचा राग असतो हे मला पक्कं माहीत आहे, पण त्या वेळी मला ते माहीत नसल्यासारखं वागणं सोयीचं होतं.

तर मी रोज मल्हारगंजात माझा शाळासोबती श्रीराम याच्या दुकानात बसायला लागलो. त्याच्याकडे साड्यांच्या काठांवर भरतकामासाठी नक्षी काढून मिळायची, ती मी काढून द्यायचो. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस तिथे एक बाई आल्या. पिकलेले केस, जाड चष्मा, हातात पुतणीची साडी. साडी द्यायची सोडून त्या माझ्या हाताकडेच बघत राहिल्या. मी तेव्हा भिंग लावून धागे मोजत होतो.

"हे तुम्ही मोजून काढता की अंदाजानं?" त्यांनी विचारलं.

"अंदाजानं काढणारे दुकानांचे बोर्ड रंगवतात, मॅडम. अपन मोजून काढतो."

"नाराज नका होऊ जी, ते तर असेच बोलतात," श्रीराम मध्ये पडला. "पण तात्या भियाची नजर म्हणजे एकदम मशीन आहे. पूर्ण मल्हारगंजात विचारून घ्या."

बाई हसल्या. "किड्याचं चित्र काढाल का?"

या शैलजा मुजुमदार. पणजोबा होळकरांच्या दप्तरात लेखनिक, आणि या स्वतः कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पुढच्या एप्रिलात रिटायर होणार होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो तर खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरण्या, त्यांत वाळू आणि पाणी, आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी.

"हा समुद्रातला चपटकृमी आहे," मॅडम म्हणाल्या. "वाळूच्या दोन कणांच्या मध्ये राहतो. एक मिलिमीटर पण पूर्ण नाही."

"समुद्राचा किडा? इंदूरला?"

"हो. सगळे हेच विचारतात. प्रिन्सिपॉलसाहेब तर दर वर्षी विचारतात."

मॅडमची धाकटी बहीण मंजिरी रत्नागिरीला असायची. ती किनाऱ्यावरची ओली वाळू डब्यात आणि समुद्राचं पाणी पांढऱ्या कॅनमध्ये भरून मुंबईला पाठवायची, आणि मुंबईहून कुणी ना कुणी ते अवंतिका एक्स्प्रेसनं इंदूरला आणून द्यायचं. आणणाऱ्यांना वाटायचं बाईंचं काही व्रत असेल. एकानं तर स्टेशनवर कॅनला नमस्कार करून मगच तो मॅडमच्या हातात दिला. मॅडम पण कुणाला समजावत बसायच्या नाहीत. पाणी आल्याशी मतलब, असं म्हणायच्या.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेच्या पट्टीवर एक थेंब, त्यावर पातळ काच. मी डोळा लावला आणि आधी किडा दिसलाच नाही, कारण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. त्या भिंगात चौकटींची जाळी होती. तीच माझी, कागदावरची! फक्त इथे एक चौकट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. दीड वर्षानं मला माझ्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. 

मग त्या चौकटींवरून तो किडा सरकत आला. पारदर्शक, दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, आणि मागच्या बाजूला एक बारीक, चमकणारी, पोकळ सुई. मॅडम ब्लॉटिंग पेपरच्या तुकड्यानं काचेखालचं पाणी हळूहळू शोषून घ्यायच्या, म्हणजे काच खाली बसायची आणि किडा दाबला जाऊन जागच्या जागी थांबायचा. मग मोजायचं आणि काढायचं.

"ही सुई नीट काढा," त्या म्हणाल्या. "या किड्यांची जात सुईवरून ओळखतात. बाकी सगळे सारखेच दिसतात. वर्णन आणि आकृती छापून आली, की मगच जगाच्या लेखी ही जात आहे. तोपर्यंत ती नाही."

"आणि सुई कशासाठी असते?"

मॅडमनी सरळ सांगितलं कशासाठी असते. माझं वय पन्नास, एक मुलगा कमावता, तरी माझे कान लाल झाले. वर असंही कळलं की यांच्यात प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही. घरी गेल्यावर भीमाबाईला हे सांगितलं.

"दोन्ही?" ती भाकरी थापता थापता थांबली. "मग घरातलं काम कोण करतं?"

याचं उत्तर मला मॅडमनाही विचारता आलं नाही.

मॅडमनी स्वतः चित्र का काढलं नाही, हे मला आठवडाभरानं कळलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन रिटायर झाल्यावर करायचं ठरलं होतं. किडा आहे, तो हलतो, एवढं त्यांना दिसायचं, पण सुईच्या टोकाशी धुकं. "तीस वर्षं दुसऱ्यांनी शोधलेले किडे शिकवले, तात्यारावजी," त्या म्हणाल्या. "हा एक माझा असेल तर बघायचाय. मला वाटतं हा नवा आहे. अशी वळवळ मी दुसऱ्या कुठल्याच किड्याची बघितली नाही. पण वळवळ छापता येत नाही. तुम्ही जे काढाल त्यावरूनच मी वर्णन लिहीन."

मी तीन किडे काढले, जुलैचा सगळा महिना. काढून झाले की मॅडम त्यांना काचेवरच पक्के करून ठेवायच्या. सुई सहा चौकटी लांब. तिचं टोक डावीकडे किंचित वाकलेलं होतं. पहिल्या किड्यात मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, दाबलं गेलंय. काच जरा जोरात बसली की पोट पसरायचं, शेपटी तिरकी व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. ताणलेल्या तुकड्यात फूल वाकतं, तसंच हे. माझ्या हातानं मला न विचारता सुई सरळ काढली. दुसऱ्यात पुन्हा वाकलेली, पुन्हा सरळ केली. तिसऱ्यात तर मला मॅडमच्या ब्लॉटिंगचा थोडा रागच आला. शेवटी एक स्वच्छ, नेटकी आकृती शाईनं पक्की केली. अशी रेघ मी मिलमध्येही कधी मारली नव्हती.

त्याच दिवसांत एकदा घरी आलो तर भीमाबाईच्या खांद्यावर लाल धाग्याचा तुकडा चिकटलेला. मी तो उचलून फेकला. मला असलं चटकन दिसतं.

ऑगस्टात मॅडमनी आकृती आणि वर्णन जर्मनीला पाठवलं. तिथले एक म्हातारे प्राध्यापक या किड्यांचे जाणकार होते. त्यांनी नवा म्हटलं की नवा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यांचं उत्तर आलं. मॅडमनी मला बोलावून पत्र हातात दिलं.

"किडा नवा नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "जुनीच जात आहे. चला, ठीक आहे. पण तुमची फार तारीफ केलीय त्यांनी. हे पत्र तुम्हीच ठेवा."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बरण्यांकडे पाठ करून बसल्या. मला वाईट वाटलं. पण पत्राची पहिली ओळ वाचल्यावर ते वाईट वाटणं जरा मागे सरकलं, हेही खरं आहे. जर्मनीचा माणूस लिहितो की चाळीस वर्षांत इतकी सुंदर आकृती पाहिली नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चार झेरॉक्स काढल्या. एक श्रीरामनं दुकानात काचेखाली लावली.

दसऱ्याला आम्ही दर वर्षी महूला जातो, धम्मदीक्षेचा दिवस म्हणून. सकाळी निघताना भीमाबाईच्या पदरावर पिवळा धागा होता, तो मी काढून टाकला. विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि मी खिशातून पत्र काढलं. माझा पुतण्या बुद्धरत्न शाळेत इंग्रजी शिकवतो. मी म्हटलं, "वाच जरा मोठ्यानं, सगळ्यांना समजेल असं. माझं इंग्रजी मिलच्या ऑर्डरपुरतंच आहे."

बुद्धरत्न उभा राहून सांगायला लागला. "प्रोफेसरसाहेब म्हणतात, आकृती बहोतच सुंदर आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, पण हसू आवरत नव्हतं. "इतका सफाईदार हात त्यांनी चाळीस सालात नाही बघितला." पुन्हा टाळ्या. "आणि आकृती इतकी साफ आहे म्हणूनच, ते म्हणतात, शंकेला जागा नाही. सुई एकदम सरळ आहे. सरळ सुईची जात आधीपासून माहीत आहे. सुई वाकडी असती, तर ही जात नवी ठरली असती."

लोकांनी शेवटच्या वाक्यालाही टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातात खिरीची वाटी होती. ती मी खाली ठेवली. कुणीतरी पाठीवर थाप मारली. मला फक्त ती सुई दिसत होती. पहिल्या किड्यात वाकलेली, दुसऱ्यात वाकलेली, तिसऱ्यात वाकलेली. डावीकडे. त्याच जागी.

आता तुम्हाला मिलमधली एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. कापडात चूक दोन प्रकारची असते. एक विणकराची. ती कुठेही येते, आज इथे, उद्या तिथे. दुसरी प्रत्येक फुलात, त्याच पाकळीत, त्याच धाग्यावर येते. ती विणकराची नसते, ती डिझाइनमध्येच असते. नवीन माणूस खात्यात आला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला हे शिकवायचो. काचेच्या दाबानं सुई वाकली असती तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा वाकलीच नसती. तिन्हीत एकाच जागी वाकलेली म्हणजे ती तशीच होती. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं मी स्वतः विसरलो, कारण मला वाकडं चालत नाही.

परतीच्या बसमध्ये मी खिशातलं पत्र चाचपत बसलो. भीमाबाई म्हणाली, "काय झालं जी? इतकी तारीफ झाली, आणि तुमचं तोंड उतरलेलं."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाका मॅडमना."

"आणि माझी इज्जत? सव्वीस साल माझ्या कागदात एक फॉल्ट निघाला नाही."

"आता निघाला ना," ती म्हणाली. "न सांगून थोडाच मिटणार आहे तो."

सुट्टी संपेपर्यंत मी गेलो नाही. सांगायचंच नाही, असंही दोनदा ठरवून पाहिलं. मॅडम एप्रिलात रिटायर होतील, बरण्या रिकाम्या होतील, कुणाला काय कळणार? श्रीरामच्या दुकानात गेलो तर काचेखालून ते पत्र माझ्याकडे बघत होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला श्रीराम ते दाखवायचा. तिसऱ्या दिवशी मी काच उचलली, पत्राची घडी केली आणि तडक कॉलेज गाठलं.

मॅडम वाळूचे डबे धुऊन उपडे घालत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

"तुम्ही ती वाकडी बघितली होती?"

"हो मॅडम. तिन्हीत."

"आणि सरळ काढली?"

"मला वाटलं दाबानं झालंय."

"तुम्हाला वाटलं!" मॅडमचा आवाज इतका चढला की बाजूच्या वर्गातली कुजबुज थांबली. "तात्यारावजी, वाटायचं काम माझं होतं. तुमचं काम होतं बघायचं. मला दिसत नाही म्हणून तुम्हाला बसवलं होतं ना इथे? तुम्हाला कुणी सांगितलं होतं सरळ करायला?"

"कुणीच नाही सांगत मॅडम, आमच्यात करायचंच असतं ते!" मीही चिडलो. चूक माझी असली की मी जास्तच चिडतो. "नमुन्यातली चूक जशीच्या तशी काढली तर डिझायनर कशाला पाहिजे?"

"अहो, पण हा नमुना कुणी विणलेला नाही! याच्यात चूक कुठली? हा आहे तसाच आहे!"

 मी स्टुलावर बसलो.  बाहेर तास संपल्याची घंटा झाली, पोरं गेली. मग मॅडमनी कपाट उघडलं आणि त्या तीन काचा काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"बघा. आता जे दिसेल ते तोंडानं बोला. काढू नका. नुसतं बोला."

मी डोळा लावला. "वाकडी आहे. शेवटच्या एका चौकटीत. डावीकडे." दुसरी काच. "वाकडी. तिथेच. डावीकडे." तिसरी. "तीच जागा मॅडम. डिझाइनमध्येच आहे."

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं पुन्हा ओरडणार, पण त्या हसत होत्या, आणि रडतही होत्या. "मंजिरीला तार करते," त्या म्हणाल्या. "ताजी वाळू पाहिजे."

तीन किडे पुरणार नव्हते. जर्मनीच्या प्राध्यापकांना आधी एक सांगून आता दुसरं सांगायचं, तर पुरावा भक्कम हवा होता. वाळू दिवाळीनंतर आली. मॅडमनी यावेळी काच दाबायचं माझ्यावरच सोपवलं, म्हणजे नंतर दाबावर ढकलायला जागा नको. मी एकाला हलकं दाबलं, एकाला जोरात, एकाला तर नुसतं पाण्यात पोहू दिलं. असे अकरा किडे पाहिले. अकराच्या अकरा सुया वाकड्या, डावीकडे, शेवटच्या चौकटीत.

त्या वाकड्या काढताना मला काय झालं ते कुणाला सांगून पटणार नाही. पेन्सिल त्या चौकटीपाशी आली की मनगट आपोआप सरळ जायला बघायचं. मी डाव्या हातानं उजवा धरून काढली. पहिले चार कागद फाडले. पाचवा जमला, आणि जमल्यावर मी तो लांब धरून पाहिला तर मला ती सुई चक्क आवडली. वाकडी म्हणून वाईट दिसत नव्हती. ती तिची होती.

जानेवारीत उत्तर आलं. यावेळी मॅडमनी मोठ्यानं वाचलं, पत्र नाकाला लावून. जात नवी आहे. प्राध्यापकांनी पहिल्या आकृतीबद्दल एकही टोमणा मारला नव्हता, फक्त एवढंच लिहिलं होतं की दुसरी आकृती पहिलीइतकी सुंदर नाही, पण जास्त चांगली आहे. मी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"नाव काय ठेवणार?" मी विचारलं.

"लॅटिनमध्ये ठेवावं लागतं. वाकडा, एवढाच अर्थ होईल असं ठेवते. चालेल ना तुम्हाला?"

"मला चालत नसे, मॅडम. आता चालतं."

छापायला जाणारी आकृती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "खाली तुमचं नाव टाका, तुमच्याच अक्षरात. इंग्रजीत. नाव, आणि तुम्ही कोण ते. डिझायनर आणि मिलचं नाव, असंच ना?"

"हो," मी सवयीनं म्हणालो.

नाव लिहिलं. पुढचा शब्द लिहायला पेन टेकवणार तेवढ्यात थांबलो. वर ती सुई होती, डाव्या हातानं उजवा धरून काढलेली. आठवड्यापूर्वी मी मिलच्या गेटवरून गेलो होतो. नोटीस दोन पावसाळ्यांत धुऊन गेली होती. नवी कुणी लावली नव्हती. कुलपावर गंज, आत एरंडाची झाडं माझ्या उंचीची. हे सगळं मी पाहिलं होतं आणि घरी येऊन भीमाबाईला म्हटलं होतं, रंगरंगोटी करायला हवी चालू करण्याआधी.

मी डिझायनर या शब्दाच्या आधी फॉर्मरली लिहिलं. मॅडम वाकून बघत होत्या. एवढं मोठं अक्षर त्यांना दिसत होतं.

"मिल चालू होणार आहे ना तुमची?"

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "मिल बंद झाली."

दोन वर्षांत हे मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं म्हणालो. डोळे भरून आले, ते मी खिडकीकडे वळून पुसले. बरणीत किडे असतील, पण ते काय, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आकृतीची झेरॉक्स घेऊन घरी आलो. भीमाबाई नुकतीच बाहेरून आल्यासारखी पाणी पीत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिला ओळखता येतं.

"हा एक शब्द जास्तीचा काय आहे?" तिनं बोट ठेवलं.

"फॉर्मरली. म्हणजे पहिले होता, आता नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग हळूच भांडं खाली ठेवलं.

"ऐक," मी म्हणालो, "ती शिलाई शाळेची जागा अजून खाली असेल का? म्हणजे, तुला जायचं असेल तर."

"नाही. ती भरली."

"कधी?"

"राखीच्या आदल्या सोमवारी." ती पदर सारखा करत होती. "तुम्ही दुपारी दुकानात नाहीतर किड्याकडे असता ना, तेव्हा मी तिकडे जाते. सांगणार होते. मिल बंद झाली असं तुम्ही एकदा म्हणालात की सांगायचं, असं ठरवलं होतं."

"पाच महिने?" मी खाटेवर बसलोच. "आणि मला दिसलं नाही?"

"दिसत तर होतं तुम्हाला. खांद्यावरचे धागे रोज तुम्हीच काढून फेकत होता."

मी तिच्याकडे पाहिलं. आज तिच्या डाव्या खांद्यावर एक निळा धागा होता, जरासा वाकडा, लोंबणारा. माझा हात उठला. तो मी परत मांडीवर ठेवला, आणि तिला विचारलं की आज मुलींना काय शिकवलं.